जुना संगणक भंगारात घालायच्या आधी एकदा तालमीकडं बघा

सप्रेम नमस्कार,

कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या एका मावशींनी गेल्या दिवाळीत कोल्हापुरी पायताणाची वेणी घालतानाची रील स्वतःच इन्स्टाग्रामवर टाकली. चामड्याच्या बारीक पट्ट्या आणि भराभर चालणारी बोटं, बास, एवढंच त्यात होतं. दोन दिवसांत पुण्याच्या एका दुकानदाराचा मेसेज आला, त्यात पायताणाच्या दोन प्रकारांची मागणी, 'कापशी आणि कचकडी, सहा ते दहा नंबर, दरयादी पीडीएफमध्ये पाठवा.' मावशींनी हिशेबाच्या वहीचं पान मोबाईलवर फोटो काढून पाठवलं. निम्म्या पानावर त्यांच्याच हाताची सावली. दुकानदार पुन्हा बोललाच नाही.

तीच वही काखेत घेऊन मावशी तालमीत, म्हणजे आमच्या गल्लीतल्या मंडळात आल्या. "ते पीडीएफ का काय असतंय, ते मला शिकवा की." तालमीतला संगणक वर्ग तिथून सुरू झाला.

बायका दिवसभर मोबाईलात असतात, असं गल्लीत हसत बोललं जातं. आम्हीही बोलायचो. पण जिला रील कापून तिला गाणं जोडता येतं, भिशीचा ग्रुप सांभाळता येतो, महापुरात राजाराम बंधाऱ्याची पातळी फूट-इंचात साऱ्या गल्लीला कळवता येते, तिला संगणकातलं बरंच काही आधीच येत असतं. फक्त त्याची नावं ठाऊक नसतात. म्हणून आम्ही 'संगणकाचे भाग' शिकवत बसत नाही. पहिला धडा व्हॉट्सॲप वेबचा. मोबाईलनं क्यूआर कोड स्कॅन केला की रोजच्याच गप्पा मोठ्या पडद्यावर येतात आणि निम्मी भीती तिथंच जाते. मग कीबोर्ड. एकीनं बहिणीला 'जेवलीस का' लिहायला अकरा मिनिटं घेतली, आणि उत्तर आल्यावर उठून सगळ्यांना बोलावून दाखवलं. पुढं फोटो उतरवून फोल्डरात ठेवणं, दरांचा तक्ता, त्याची पीडीएफ.

खरी अडचण पासवर्डची निघाली. कित्येकींचं जीमेल भाच्यानं नाहीतर मोबाईल दुकानदारानं उघडलेलं, पासवर्डही त्यांच्याकडंच. एकीला 'पैसे जमा करायला पिन टाका' असं सांगून फसवलं होतं. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही, हे तिला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. आता हा धडा दुसऱ्याच दिवशी होतो.

आज वर्गात १९ जणी आहेत आणि संगणक चार. एका माऊसवर दोघींचे हात.

विंडोज १० ला मोफत अपडेट देणं मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलं. उद्यमनगरातले कारखाने, सीएंची ऑफिसं, दवाखाने इथले कितीतरी चांगले संगणक त्यामुळं कोपऱ्यात पडलेत. ते आम्हाला द्या. एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी बसणारी वेगवान डिस्क) बसवून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली टाकली की आमच्या कामाला ते उत्तम चालतात, आणि लिनक्सला पैसे पडत नाहीत. रॅम किमान ४ जीबी असावी. तुमची जुनी हार्ड डिस्क आम्ही काढून तुमच्याच हातात परत देऊ, त्यामुळं ऑफिसच्या माहितीची काळजी नको. डबा मॉनिटर आणि बंद प्रिंटर मात्र कृपा करून आणू नका. मागं कुणीतरी तीन बंद प्रिंटर दारात ठेवून गेलं, ते हलवायला रिक्षाभाडं आम्हीच भरलं.

संगणक नसेल तर एका एसएसडीचे किंवा महिन्याच्या इंटरनेटचे पैसे द्या. पावती मिळेल, ८०जीची करसवलत मात्र आमच्याकडं नाही, हे आधीच सांगतो. आणि पैशापेक्षा जास्त गरज आहे ती आठवड्यातून दोन संध्याकाळी शेजारी बसणाऱ्या माणसाची. कॉलेजची पोरं-पोरी चालतील, निवृत्त गुरुजी तर पळतील. अट एकच: शिकणारीच्या हातातला माऊस ओढून घ्यायचा नाही.

शाहू महाराजांनी पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड लावला होता. आम्हाला दंड करायचा अधिकार नाही, म्हणून हे आवाहन.

रविवार सोडून रोज संध्याकाळी सात ते नऊ तालमीत कुणीतरी असतंच. संगणक घेऊन येणार असाल तर पॉवर केबल तेवढी आठवणीनं आणा, दर वेळी तीच घरी राहते.

आपले नम्र,
तालमीचे कार्यकर्ते