माउसला हात न लावणाऱ्या मॅडमना

मॅडम,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यातला जावक बघणारा काका म्हटलं की तुम्हाला ओळख पटेल. शेवटच्या दिवशी बोलायला उठलो होतो, पण घसा दाटून आला आणि तसाच खाली बसलो. ते राहिलेलं आज लिहितोय.

तुमच्या आधीही आम्हाला कंप्युटर शिकवायला माणसं आली होती. प्रोजेक्टर लावून दोन तास इंग्रजीत बोलली. आमच्या पॅकिंगमधल्या बायका घरी तेलुगू बोलतात, कामावर मराठी. एकीनं धीर करून प्रश्न विचारला, तर 'ते तुम्हाला नाही जमायचं' म्हणाले. मग सर्टिफिकेट वाटले, फोटो काढला, गेले. दोन तास वाया गेले त्याचं काही नाही, पण आपल्या वयाला आता हे जमणार नाही असं आमच्या मनात ठसवून गेले, तो राग अजून आहे.

आणि तुम्ही. तीन दिवस खपून भरलेला स्टॉकचा तक्ता माझ्या हातून पुसला गेला तो दिवस आठवतो? स्क्रीन कोरी. मागे आमची पोरं उभी, मालकांचा मुलगाही. मला दरदरून घाम फुटला. मी खुर्ची सोडून तुम्हाला जागा द्यायला लागलो, कारण आजवर हेच होत आलंय. बँकेत, दुकानात, घरी पोरगासुद्धा 'द्या इकडे' म्हणतो आणि हातातलं काढून घेतो.

तुम्ही दोन्ही हात पाठीमागे बांधलेत. म्हणालात, "काका, बसा. कंट्रोल दाबून धरा. आता झेड."

झेड सापडायला मला वेळ लागला. तुम्ही बोटसुद्धा दाखवलं नाहीत, नुसत्या थांबलात. दाबलं आणि सगळा तक्ता परत आला. "बघा, तुम्हीच आणलात," एवढंच बोललात.

त्या तक्त्याचे रकानेही तुम्ही माझ्या वहीच्या क्रमानं केले होते: साईज, वजन, रंग, डझन, जावक. चादरीच्या मागावरचे जुने कारागीर लांब बसायचे. त्यांना तुम्ही जकार्डचं, म्हणजे मागावर नक्षी ठरवणारं भोकांचं, कार्ड हातात घेऊन सांगितलंत, भोक असेल तर उभा धागा उचलायचा, नसेल तर नाही, कंप्युटरही आतून असंच हो-नाही करतो. दुसऱ्या दिवशी ते पहिल्या रांगेत होते.

पूर्वी बाहेरगावचा व्यापारी पाचशे जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला पाचशे ग्रॅम वजनाचा, पांढरा टॉवेल किती आहे विचारायचा. गोदामात माणूस पाठवून आम्ही संध्याकाळी सांगायचो, तोवर ऑर्डर पानिपतच्या टॉवेलवाल्यांकडे गेलेली असायची. सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे त्या गावच्याच मालाला मिळणारी सरकारी ओळख, आहे, टॉवेलचं नाव देशभर आहे, पण माल आहे की नाही हे वेळेवर सांगता येत नसेल तर गिऱ्हाईक किती थांबणार? आता फोन चालू असतानाच आकडा सांगतो. मागच्या महिन्यात ई-वे बिलात, म्हणजे मालाच्या गाडीसोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदात, रकमेवर एक शून्य जास्त पडलं. ते दुरुस्त होत नाही, 24 तासांच्या आत रद्द करून नवं काढावं लागतं, हे तुम्हीच सांगितलेलं. ड्रायव्हरचा चहा संपायच्या आत नवं बिल त्याच्या हातात होतं. याआधी अशाच चुकीपायी आमची गाडी वाटेत अडकली होती.

परवा पॅकिंगमधल्या एका बाईंचा तक्ता असाच उडाला. माझा हात माउसकडे गेला होता. मागे घेतला. त्यांना झेड सापडेपर्यंत थांबलो. शिकलेली माणसं पुष्कळ भेटतात, मॅडम. समोरच्याचा मान राखून शिकवणारी फार थोडी.

संक्रांतीला गड्ड्याची यात्रा आहे. सिद्धेश्वरांचं दर्शन घ्या आणि घरी जेवायला या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी असेल. पत्ता तुमच्याकडे आहे, पहिल्या दिवशीच्या तक्त्यात सातव्या ओळीत. मीच टाइप केलाय.

तुमचा,
जावकवाला काका