सुमेस पत्र : आर्टिचोकची रब्बी

फिनिक्स,
१० मे

प्रिय सुमे,

सप्रेम नमस्कार. सोलापुरात गच्चीवर आर्टिचोक, म्हणजे न उमललेलं बोंड भाजी म्हणून खातात ते झाड, लावायचा म्हणतेस, तर बियांच्या पाकिटामागचं वेळापत्रक वाचूच नकोस. वसंतात पेरा, उन्हाळ्यात काढा, हे थंड मुलखाचं गणित. इथे ॲरिझोनात तसं केलं तर जूनमध्ये रोप करपून जाईल. २०२३ साली आमच्याकडे ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांवर गेला होता!

उष्ण प्रदेशात हे पीक रब्बीचं, थेट करडईच्या वेळचं. आणि करडई याच्या कुळातलीच गं. माळावर निळसर गोल बोंडांचा उटकटारा उगवतो ना, तोही भाऊबंद. तुमच्याकडे करडई काढताना बायका हातापायांना फडकी गुंडाळायच्या, तसं इथे लागत नाही. मी लावते त्या ‘इंपीरियल स्टार’ जातीला काटे जवळजवळ नसतातच.

ऑगस्टअखेर सावलीत ट्रेमध्ये बी टाकायचं, ऑक्टोबरात रोपं बाहेर, मार्च-एप्रिलमध्ये बोंडं. दोन रोपांत तीन-चार फूट सोड. एवढी जागा कशाला, असं रोप लावताना वाटतं. जानेवारीत ती रुपेरी-करडी पानं पसरली की कळतं. आमच्या मातीखाली चुनखडीचा टणक थर असतो, तो पहारीने फोडून कंपोस्ट भरावं लागतं. तुला कुंडीच बरी. मोठी घे, निदान दीड फूट खोल. मावा पडतोच. पाण्याचा जोरदार फवारा मारला की पुरे, औषध नको.

तुझी खरी अडचण उन्हाची नाही, थंडीची आहे. बोंड धरायला या झाडाला १० अंशांखालचे काहीशे तास लागतात. फिनिक्सच्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री ते देतात. सोलापूरला तेवढी थंडी कुठली? थंडी नाही मिळाली तर नुसता पाला वाढतो. म्हणून जात इंपीरियल स्टारच घे, तिला थंडी कमी पुरते आणि ती बियांपासून पहिल्याच वर्षी बोंड देते. ‘ग्रीन ग्लोब’चं नाव मोठं, पण पहिल्या वर्षाचा भरवसा नाही. शिवाय मोड आलेलं बी ओल्या कागदात गुंडाळून दोन-तीन आठवडे फ्रिजमध्ये ठेव, फ्रीझरमध्ये नव्हे. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी भागातले शेतकरी थंडीची कसर जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड हे वाढीचं संप्रेरक, फवारून भरून काढतात. हो, तुमच्याकडे द्राक्षाचे घड बुडवतात तेच जीए. पण गच्चीवरच्या चार कुंड्यांसाठी त्या भानगडीत पडू नकोस.

बोंड घट्ट मिटलेलं असतानाच काप. ऊन चढलं की दोन दिवसांत पाकळ्या सुटतात आणि दोरखंड चघळल्यागत लागतं. शेंडा छाटायचा, कापलेल्या जागी लगेच लिंबू चोळायचं, नाहीतर काळं पडतं. पाऊण तास वाफवलं की एकेक पाकळी ओढून तिच्या बुडाचा गर दातांनी खरवडून खायचा. मधली केसाळ कुसं चमच्याने काढून टाक, ती घशात अडकतात. त्याखालचा गाभा म्हणजे सगळ्या खटाटोपाचं फळ. आमच्याकडे त्यावर लसणाची फोडणी असते. वर पाणी प्यालीस तर आवळा खाल्ल्यासारखं गोड लागेल.

खरं सांगू? भाजी म्हणून हिशोब मांडलास तर तोट्याचा धंदा आहे. एवढी जागा, सहा-सात महिने, आणि ताटात येतं मूठभर. मी शेवटची दोन-तीन बोंडं झाडावरच सोडते. आत्ता ती उमलली आहेत, झगझगीत जांभळी, आणि मधमाश्या त्यांत अक्षरशः लोळताहेत.

पुढच्या महिन्यात पानं वाळतील. मग बुडापासून छाटून वर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घालते आणि पाणी अगदी बेताचं देते. झाड मेलं असं वाटतं, पण ते झोपलेलं असतं. सप्टेंबरात कोंब येतात. तुझ्याकडे मात्र तेव्हा पावसाळा. झोपलेला गड्डा भिजत राहिला की कुजलाच, त्यामुळे कुंडी पत्र्याखाली सरकव, नाहीतर दरवर्षी नवं बी लाव. काळी माती तर घालूच नकोस, पाणी धरून बसते.

बी इथून टपालाने पाठवता येणार नाही, त्याला परवाने लागतात. परदेशी भाज्यांचं बी ठेवणाऱ्या तिकडच्याच दुकानात चौकशी कर, आणि मिळालं तर जात कोणती ते पेरायच्या आधी मला कळव.

भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
नीला