युरोपात गेला नाही म्हणजे वाया गेला?

महोदय,

रविवारच्या क्रीडा पानावरचा इजिप्तचा फुटबॉलपटू महंमद अबूत्रिका याच्यावरचा लेख वाचला. त्याच दिवशी लिहिले असते तर तुम्हाला छापता आले नसते, म्हणून सोमवारी बसलो आहे.

‘वाया गेलेला प्लेमेकर’ हा मथळा कोणी दिला? का वाया गेला, तर युरोपात खेळला नाही आणि विश्वचषकही नाही. आमच्या गल्लीत एक काकू आहेत, मुलगा अमेरिकेला गेला नाही की तो त्यांच्या लेखी वाया जातो. तुमचे लेखक त्यांचेच कोणी लागत असावेत.

मी २००८ मध्ये कुवेतला एका बांधकामावर स्टोअरकीपर होतो. फोरमन मिसरी, म्हणजे इजिप्तचा. १० फेब्रुवारीला आक्रा येथे आफ्रिका कपची फायनल, इजिप्त विरुद्ध कॅमेरून. मेसमधल्या एकुलत्या टीव्हीपुढे आम्ही पन्नासेक माणसे, त्यात मल्याळी, बंगाली, मिसरी आणि कोल्हापूरचा मी एकटा. ७७ व्या मिनिटाला कॅमेरूनच्या रिगोबेर साँगने चेंडू सरळ तटवून द्यायचा सोडून घोळ घातला. इजिप्तच्या झिदानने (फ्रान्सचा तो नव्हे) धडपडत तो त्याच्याकडून काढला आणि आत सरकवला. तिथे अबूत्रिका हजर! १-०. माझ्या ताटातली डाळ कोणाच्या अंगावर गेली ते आजतागायत कळलेले नाही. आदल्या दिवशी सिमेंटच्या गोण्यांवरून माझ्यावर डाफरलेल्या फोरमनने सामना संपल्यावर माझ्या कपाळाचे मुके घेतले. (गोण्यांचा हिशेब मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला. तीन गोण्या कमी होत्या हे खरे, पण त्या मी घेतल्या नव्हत्या.)

त्याआधी २००६ च्या फायनलमध्ये, कैरोत, आयव्हरी कोस्टविरुद्ध शेवटची पेनल्टी अबूत्रिकाचीच. त्याच वर्षी ट्युनिशियात राडेसला तिथल्याच स्फाक्सियन क्लबविरुद्ध भरपाई वेळेत डाव्या पायाने मारलेला गोल, त्यावर त्याचा क्लब अल अहली आफ्रिकेचा विजेता. डिसेंबरात जपानमध्ये क्लब वर्ल्ड कपला तीन गोल, स्पर्धेत सर्वाधिक. लेखात यातले काय आहे? ‘क्लबसाठीही चांगली कामगिरी’ एवढेच! धन्यवाद.

विश्वचषकाचे म्हणाल तर नोव्हेंबर २००९ मध्ये सुदानमध्ये ओमदुरमानला इजिप्त अल्जीरियाकडून ०-१ ने हरले आणि दार बंद झाले. तो अबूत्रिकाच्या एकट्याचा दोष होता का?

इजिप्तमधल्या पोर्ट सईदच्या दंगलीचा तर उल्लेखच नाही. १ फेब्रुवारी २०१२ ला सत्तरहून अधिक माणसे स्टेडियममध्ये मेली, एका चाहत्याने ड्रेसिंग रूममध्ये अबूत्रिकाच्या हातांवर प्राण सोडला. मेलेल्यांना न्याय मिळेपर्यंत खेळणार नाही म्हणून त्याने त्या वर्षीच्या सुपर कपला नकार दिला, तर क्लबने दंड आणि बंदी दिली. पुढे २०१७ मध्ये इजिप्तच्या न्यायालयाने दहशतवाद्यांच्या यादीत त्याचे नाव टाकले. तेव्हा तो कतारात होता, घरी परतणे मुश्कील. लोक त्याला ‘अमीर अल-कुलूब’, म्हणजे हृदयांचा राजपुत्र, म्हणतात ते युरोपातल्या करारामुळे नव्हे. एवढे लेखकाने कोणत्याही मिसऱ्याला विचारले असते तरी कळले असते. आखातात गेलेले लोक आपल्या जिल्ह्यात काही कमी नाहीत.

आणि फोटो! तो माणूस अबूत्रिका नाही. पाठीवर १० आहे, त्याचा नंबर २२. डोळे माझे अधू आहेत, तुमचे नसावेत.

जाता जाता, त्याच पानावर खाली इथल्या शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉल सामन्याची बातमी चार ओळींत होती आणि स्कोअरही उलटा छापला होता. हरलेल्या तालीम संघाची पोरे सकाळपासून पेपर नाचवत फिरताहेत आणि जिंकलेली माझ्याकडे येऊन बसली आहेत, कारण गल्लीत तुमचा पेपर घेणारा मी एकटाच. निदान तो स्कोअर तरी उद्या सुधारून छापा. त्यांना चहा मलाच पाजावा लागतो.

आपला,
एक जुना वर्गणीदार, कोल्हापूर