डॉक्टर, काकांना आडवं झोपवून पाहिलंत म्हणून

आदरणीय डॉक्टर,

सत्तरीतल्या आमच्या काकांची नजर परत आली. पण आधी आभार मानायचे आहेत ते ऑपरेशनचे नव्हेत, त्याआधीच्या दोन मिनिटांचे.

मशीनला हनुवटी टेकवून बसलं की मोतीबिंदूच्या ऑपरेशनात बसवलेली कृत्रिम लेन्स जागेवरच दिसायची. तुम्ही काकांना कॉटवर उताणं झोपवलंत, स्वतः वाकून पाहिलंत, आणि लेन्स, ती ज्या नैसर्गिक पातळ पिशवीत बसवतात त्या पिशवीसकट, मागे कलंडलेली सापडली. काजू वेचायला वाकलं की सगळं हलतं, दोन-दोन दिसतं, हे काका आधीच्या दवाखान्यातही सांगत होते. तिथे "वय झालं" म्हणत चष्म्याचे नंबर तेवढे बदलून दिले. तक्रार केसपेपरवर उतरलीसुद्धा नाही. पेशंटचं बोलणं खरं धरून चालायला काही मशीन लागत नाही हो!

बाहुलीच्या कडेचा पांढरा कोंडाही कुणी पाहिला नव्हता. स्यूडोएक्सफोलिएशन नावाच्या डोळ्याच्या विकारातला हा कोंडा डोळ्यातल्या पाण्याची वाट तुंबवतो, म्हणून दाब वाढून काचबिंदू होतो. लेन्सची पिशवी धरून ठेवणारे तंतूही तोच सैल करतो. म्हणून मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सात-आठ वर्षांनीही लेन्स सरकू शकते.

एके ठिकाणी "पुढच्या कप्प्यात दुसरी लेन्स बसवू, लवकर आटपेल" असं सुचवलं होतं. काचबिंदूच्या डोळ्यात ती लेन्स नेमकी पाणी निचरण्याच्या कोनावरच टेकते! तुम्ही आहे तीच लेन्स ९-० जाडीच्या पॉलिप्रोपिलीन धाग्याच्या टाक्यांनी स्क्लेराला, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीला, बांधलीत. १०-० चा धागा बारीक, काही वर्षांनी झिजून तुटण्याची भीती जास्त. गाठी हॉफमन पॉकेटमध्ये, म्हणजे त्या भिंतीतच केलेल्या खिशात, सरकवल्यामुळे वरचा कंजंक्टायव्हा (डोळ्यावरचा पातळ पडदा) सोलावा लागला नाही. उद्या थेंबांनी दाब आवरला नाही आणि ट्रॅबेक्युलेक्टॉमी (पाण्याला नवी वाट करून देणारं काचबिंदूचं ऑपरेशन) करायची वेळ आली, तर तीच जागा लागणार. आजचं ऑपरेशन करताना पुढच्या सर्जनची सोय पाहणारे किती असतात?

डोळ्याच्या आतलं पुढे आलेलं जेल कापून काढलंत, ऑपरेशनपुरतं आत भरलेलं व्हिस्कोइलॅस्टिक हे चिकट द्रव्य नीट धुतलंत, आणि तरीही त्याच संध्याकाळी दाब मोजायला थांबलात. ते आत राहिलं तर पहिल्याच रात्री दाब चढतो, आणि काचबिंदूने आधीच झिजलेल्या डोळ्याच्या नसेला तेवढंही झेपत नाही. स्टेरॉईडच्या थेंबांनीही दाब वाढू शकतो, म्हणून ते कधी किती कमी करायचे हे काकीला मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून दिलंत. दोन थेंबांमध्ये पाच मिनिटं सोडायची आणि नाकाजवळचा कोपरा दाबून धरायचा, हे तिच्याकडून करूनही घेतलंत.

दुसऱ्या डोळ्यातही तसाच कोंडा आहे, मोतीबिंदू अजून काढायचा आहे. त्या वेळी कॅप्सूल टेन्शन रिंग (सैल पिशवीला आतून आधार देणारं कडं) तयार ठेवावी, असं तुम्ही आत्ताच केसपेपरवर लिहून ठेवलंत. तो कागद फाईलमध्ये सगळ्यात वर लावला आहे.

आपला,
काकांचा पुतण्या, वाळपई