वैशू, हळू धाव

नाशिक
रविवार दुपार

प्रिय वैशू,

तुझा परवाचा फोन डोक्यातून जात नाही. मुलांचं, बदलीचं, नागपूरच्या उकाड्याचं सगळं बोललीस आणि फोन ठेवता ठेवता म्हणालीस, "धावायचे बूट देऊन टाकले गं मावशींच्या मुलीला. माझ्यात ती जिद्दच नाही." तेव्हा मी गप्प बसले, कारण घाईघाईत बोलून ते तुला पटलं नसतं. आज लाँग रन झाला, आंघोळ झाली, वरणभात पोटभर जेवले. घरातले सगळे झोपलेत. आता सविस्तर लिहिते, तूही निवांत वाच.

मुंबई मॅरेथॉनमध्ये तुझं जे झालं त्याचा जिद्दीशी काही संबंध नव्हता. हिशेबच मांडून दाखवते. यकृतात आणि स्नायूंत मिळून आपल्याकडे ग्लायकोजेनच्या, म्हणजे साठवलेल्या साखरेच्या रूपात साधारण २००० किलोकॅलरी साठवलेल्या असतात. धावताना वजनाच्या दर किलोमागे दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी जळते. तुझं वजन ६०. म्हणजे किलोमीटरला ६०. भाग देऊन बघ, उत्तर ३३ येतं. तुझे पाय कुठे जड झाले? तेहेतीस-चौतीसच्या आसपास. आणि पुढे पेडर रोडचा चढ आला तेव्हा तू दुभाजकाला टेकून खाली बसलीस. हिशेब ढोबळ आहे, सोबत थोडी चरबीही जळत असते, माणसागणिक फरक पडतो. पण जगभरातल्या हौशी धावपटूंना तीस किलोमीटर ओलांडले की जे होतं, तेच तुला झालं. सकाळच्या गर्दीच्या जोशात सुरुवातीचे दहा किलोमीटर तू सरावापेक्षा कितीतरी जोरात काढलेस. जेवढा वेग जास्त तेवढं ग्लायकोजेन लवकर संपतं. आणि वाटेत खाल्लंस काय, तर अर्धं केळं. रॉकेल संपलेल्या स्टोव्हला पंप मारून काय होणार? त्यात तू उठून, चालत का होईना, शेवटच्या रेषेपर्यंत गेलीस. जिद्द नसती तर तिथूनच टॅक्सी केली असतीस.

मग करायचं काय? हळू धावायचं. हे वाचून तुला राग येईल, मला माहीत आहे. कृषीनगरच्या ट्रॅकवर मागून कुणी पुढे गेलं की तुझा वेग आपोआप वाढायचा. पण हळू धावण्यामागे पक्कं कारण आहे. एक किलो चरबीत ७००० च्या वर किलोकॅलरी असतात आणि ती आपल्या दोघींकडेही भरपूर आहे. फक्त ती सावकाश जळते आणि तिला प्राणवायू जास्त लागतो. महिनोन्महिने सावकाश, लांब धावलं की स्नायूंमधल्या केशवाहिन्या वाढतात, पेशींत ऊर्जा तयार करणारे मायटोकाँड्रिया वाढतात, आणि त्याच वेगाला शरीर चरबी जास्त आणि ग्लायकोजेन कमी वापरायला शिकतं. हे काम धापा टाकत होत नाही. खूण एकच: धावता धावता अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. घड्याळ काहीही दाखवो. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा, चढ असेल तर सरळ चालायचं.

आमचा आठ-दहा जणींचा गट आहे. रविवारी पहाटे गोल्फ क्लबवर जमतो, डोक्याला दिवे, अंगात चमकणारी जाकिटं, आणि त्र्यंबक रोडला लागतो. सातपूर संपेपर्यंत कुत्र्यांचं भय असतं म्हणून तोवर सगळ्या एकत्र. एकटीनं अंधारात जायचं नाही हा गटाचा नियम आहे आणि तो मला मनापासून मान्य आहे. कुणाचा तरी नवरा किंवा भाऊ पाण्याचे कॅन घेऊन स्कूटरवर पुढे-मागे असतो. पिंपळगाव बहुला, बेळगाव ढगा, महिरावणी, मग खंबाळे. हा रस्ता त्र्यंबककडे हळूहळू चढत जातो. गाडीतून कधी जाणवलं नव्हतं, पण पोटऱ्यांना बरोबर कळतं. अंजनेरीचा डोंगर डावीकडे मोठा होत जातो तसतसं उजाडतं. पावसाळ्यात तर काय सांगू, डोंगरावरून पांढऱ्या धारा सुटलेल्या असतात आणि आम्ही चिंब भिजून, हसत, एकमेकींना सांभाळत चाललेल्या असतो.

पौषातली एक सकाळ तुला सांगायचीच आहे. वद्य एकादशीला त्र्यंबकला संत निवृत्तिनाथांची यात्रा असते, त्याच्या आधीचे दिवस. कुठून कुठून निघालेल्या दिंड्या या रस्त्यानं त्र्यंबककडे चालत होत्या. कडाक्याची थंडी, तोंडातून वाफ निघतेय, आणि पुढे पताका, मागे टाळ. आम्ही त्यांच्या कडेनं धावत होतो. महिरावणीपाशी एका दिंडीजवळ मी चालायला लागले. माझ्या शेजारी सत्तरीच्या एक आजी होत्या. नऊवारी, पायात रबरी चप्पल, डोक्यावर तुळस. एक हात तुळशीला आणि दुसऱ्या हातात कागदाची पुडी. मी सहज विचारलं, आजी, दमत नाही का? त्या म्हणाल्या, "बसायच्या ठिकाणी बसायचं, खायच्या वक्ताला खायचं. मंग काय दमायचं?" आणि पुडीतला गूळ आणि शेंगदाणे माझ्या तळहातावर ठेवले. मी बारकाईनं पाहिलं तर त्यांची चाल चढावर आणि सपाटीवर जवळजवळ सारखीच होती, फक्त चढाला पाऊल आखूड पडत होतं. विसावा कुठे, जेवण कुठे, मुक्काम कुठे, सगळं आधी ठरलेलं. कितीतरी दिवस रोज असं चालणारी माणसं ही! अल्ट्राच्या, म्हणजे मॅरेथॉनहून लांब शर्यतीच्या सरावात मी जे शिकायला धडपडत होते ते सगळं त्या आजी करत होत्या. त्या दिवसापासून मी दमण्याची वाट न पाहता चालते. पंचवीस मिनिटं धावायचं, पाच मिनिटं चालायचं, अगदी पहिल्या तासापासून. पाय ताजे असताना चालायला मन तयार होत नाही, पण त्याचं फळ पाचव्या-सहाव्या तासाला मिळतं.

खाण्याचंही तसंच. भूक लागायच्या आधी, दर चाळीस मिनिटांनी थोडं थोडं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं बहुतेकांच्या पोटाला झेपतात, पण त्याची सवय सरावातच करावी लागते. धावपटू घेतात ते गोड जेल मला चालत नाही, मळमळतं. म्हणून मी कंबरेच्या पट्ट्यात खजूर, राजगिऱ्याची चिक्की आणि मीठ चोळलेले उकडलेले बटाट्याचे तुकडे ठेवते. बटाटा छोट्या पिशवीत घालून कोपरा दातानं फाडायचा आणि दाबून तोंडात घ्यायचा, हात बरबटत नाहीत. तीन तासांनंतर गोड नकोसं होतं तेव्हा हा खारट बटाटा अमृत वाटतो. आणि हो, नागपूरच्या हवेत तू नुसतं पाणी ढसाढसा पिऊ नकोस. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम प्रमाणापेक्षा कमी निघालं. कारणांमधलं मोठं कारण गरजेपेक्षा जास्त पाणी पिणं. तहान लागेल तेवढं पी, लिंबू-मीठ-साखर घालून.

आठवड्यातून एकदा पांडवलेणीच्या पायऱ्या असतात. चढायला सगळे उत्सुक असतात, माझं खरं काम उतरताना असतं. उताराला मांड्यांचे स्नायू ताणले जात असताना आपलं वजन पेलतात आणि दुखापत तिथे जास्त होते. सुरुवातीला दोन दिवस जिना उतरवत नव्हता. आता काही वाटत नाही.

हे सगळं कशासाठी, ते आता सांगते. घरी अजून पूर्ण सांगितलेलं नाही. मला कॉम्रेड्स धावायची आहे. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमॅरित्झबर्ग या दोन शहरांमध्ये, जवळजवळ ९० किलोमीटर, आणि वेळ १२ तास. साधारणपणे एका वर्षी डर्बनकडून वर चढत, तर पुढच्या वर्षी उलट उतरत. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी व्हिक क्लॅफम नावाच्या माजी सैनिकानं ती सुरू केली. २४ मे १९२१ ला ३४ जण निघाले आणि १६ पोहोचले. आता हजारो धावतात. पीटरमॅरित्झबर्ग म्हणजे तेच गं, जिथे ७ जून १८९३ च्या रात्री गांधीजींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून स्टेशनवर उतरवलं. त्या स्टेशनवर जाऊन यायचं हेही मी मनात ठरवून टाकलंय.

या शर्यतीतली एक पद्धत मला फार आवडते. तिथे "बस" असते. बस म्हणजे माणसांचाच घोळका. एक अनुभवी धावपटू पुढे असतो, अमुक तासांत पोहोचवणार असं जाहीर केलेलं असतं, आणि कुठे धावायचं, कुठे चालायचं हे तो ठरवतो. मागे अनोळखी शेकडो लोक त्याच्यावर विश्वास टाकून, गात, एकत्र चालत-धावत राहतात. आणि १२ तास पूर्ण होण्याच्या क्षणी शेवटच्या रेषेवर एक अधिकारी धावणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक झाडतो. पाठ अशासाठी, की समोर कोण येतंय हे दिसलं तर हात अडखळेल. एका पावलानं चुकलेल्याचीही नोंद होत नाही. मला हे कठोर वाटत नाही, उलट सगळ्यांना सारखाच न्याय वाटतो.

प्रवेशासाठी आधी एक मॅरेथॉन ४ तास ५० मिनिटांच्या आत करावी लागते. ती मी जानेवारीत मुंबईला करणार आहे.

तू म्हणशील, हे वेग असणाऱ्यांचं काम. वेग हा वेगळाच विषय आहे, वैशू, आणि तो आपल्या जिल्ह्यात आहे. सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं, २०१६ ला रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन धावली. नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर विजेंदर सिंग सरांनी तिला घडवलं. त्या बाजूनं जाताना माझी मान आदरानं झुकते. पण आपल्याला त्या मुलींच्या वेगाशी काही घेणंदेणं नाही. आपल्याला दिवसभर टिकायचंय, आणि ते चाळिशीतही शिकता येतं. माझ्यावर विश्वास ठेव.

गुडघ्यांचं तुझ्या सासूबाईंनी मनावर घेतलंय म्हणालीस. त्यांना सांग, २०१७ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात हौशी धावणाऱ्यांमध्ये गुडघा-खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण ३.५ टक्के आणि बैठ्या लोकांत १०.२ टक्के निघालं. स्पर्धात्मक, अतिशय जास्त धावणाऱ्यांत मात्र ते वाढतं, हेही सांगून टाक, लपवू नकोस. मला गुडघ्यापेक्षा काळजी तुझ्या रक्ताची आहे. पाळीला तुला किती त्रास होतो मला ठाऊक आहे, आणि शेवटचे महिने तू सारखी दमलेली असायचीस. मैदानात उतरायच्या आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, दोन्ही तपासून घे. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन कमी असू शकतं. आमच्या गटातल्या एकीचं तसंच निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि काही महिन्यांत ती वेगळीच बाई दिसायला लागली.

तुझ्यासाठी माझ्या मनात काय आहे ते सांगते. आधी महिनाभर नुसतं चालायचं आणि मध्ये मध्ये जॉग, आठवड्यातून चार दिवस, सकाळी सातच्या आत, कारण तिकडे ऊन लवकर चढतं. वेळ धरायची, अंतर मोजायचंच नाही. मग रविवारचा रन तीन आठवडे थोडा थोडा वाढवायचा आणि चौथ्या आठवड्यात कमी करायचा. नोंदी मला पाठवत जा, मी दर रविवारी संध्याकाळी बघेन. मोठी शर्यत यंदा नको. डिसेंबरात मुलांना सुट्टी लागली की इकडे ये. तेव्हा निफाडकडे पारा किती खाली जातो तुला माहीत आहेच, धावायला त्यासारखी हवा नाही. माझ्यासोबत गंगापूर धरणाच्या रस्त्यानं सोमेश्वरपर्यंत चल, पूर्ण वाटभर गप्पा मारत. तुझी वाक्यं तुटली नाहीत की पुढच्या वर्षीच्या फुल मॅरेथॉनचं बोलू. मुंबईच करायची, पेडर रोडसकट. शेवटचे दहा किलोमीटर मी तुझ्या बाजूला असेन, माझी वेळ काहीही लागो.

बूट मी घेऊन ठेवते. तुझं माप सातच ना? पाय दिवसभरात सुजतात म्हणून संध्याकाळी मोजून कळव, आणि पुढे अंगठ्याएवढी जागा धरून अर्धा नंबर मोठाच घेऊ. या आठवड्यात रक्ततपासणी कर आणि रिपोर्ट आला की लगेच फोटो पाठव.

तुझीच,
मनू