"कुठल्या बाजूला पडता?" असं विचारणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमच्या गॅरेजमधून गाडी घेऊन निघाले त्याला आज तीन आठवडे झाले. त्या दिवशी नुसतं "थँक्यू दादा" म्हटलं आणि हेल्मेट चढवलं. आणखी एक शब्द बोलले असते तर तिथेच रडू फुटलं असतं. म्हणून हे पत्र.

माझी उंची पाच फूट एक इंच. गाडीच्या सीटची उंची ८२५ मिलिमीटर, वजन २०० किलोच्या आसपास. दोन वर्षं पैसे साठवून घेतलेली गाडी, आणि थांबताना जमिनीला काय टेकायचं, तर एका पायाचा चवडा. चालू गाडीची मला कधीच भीती वाटली नाही. भीती वाटायची ती थांबण्याची. पुढे सिग्नल लाल झालेला दिसला की पोटात गोळा यायचा.

तुमच्याकडे येण्याआधी तीन ठिकाणी जाऊन आले होते. पहिल्याने माझ्याशी बोलणंच टाळलं आणि सोबतच्या भावाला विचारलं, "चालवणार कोण?" दुसऱ्याने सीटचा फोम वरून सपाट कापून दिला. पाय दोन बोटं खाली आले खरे, पण पन्नास किलोमीटर गेलं की माकडहाड थेट खालच्या कडक प्लॅस्टिकवर आपटायला लागायचं. तिसऱ्याने मागच्या शॉकअपला लांब लिंक (शॉकअपला जोडलेली पट्टी) टाकली आणि काम झालं म्हणाला. गाडी मागून खाली बसली, पुढून होती तशीच राहिली. वळवताना हँडल जड, रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत. साइड स्टँडही आता लांब पडायला लागला, त्यामुळे गाडी त्यावर जवळजवळ सरळ उभी राहायची. उभ्या उभ्या दोनदा आडवी झाली. तक्रार घेऊन गेले तर उत्तर मिळालं, "सवय होईल मॅडम."

त्या माणसाचा राग अजून गेलेला नाही. काम कुणाचंही चुकू शकतं. पण चुकलेलं काम डोळ्यांसमोर उभं असताना दोष गिऱ्हाइकाच्या उंचीला द्यायचा, हे मला अजूनही गिळता येत नाही.

आणि तुम्ही. गाडीला हात लावायच्याही आधी विचारलंत, "ताई, कुठल्या बाजूला पडता?"

मी गप्पच झाले. पडता का, असंही नाही, कुठल्या बाजूला. ताप आल्यावर डॉक्टरांनी थंडी वाजते का विचारावं इतक्या सहज. उजव्या, म्हटलं. "ब्रेकवरचा पाय खाली टाकायला जाता, तो पोचत नाही," तुम्ही म्हणालात. बरोबर तेच होत होतं, आणि मला स्वतःलाही ते कधी नीट कळलं नव्हतं.

मग मला सीटवर बसवून तुम्ही मांड्यांच्या दोन्ही बाजूंना खडूने रेघा मारल्यात. सीट उंच आहे त्यापेक्षा पुढून रुंद जास्त आहे, पाय सरळ खाली न जाता फाकून जातात, हे तुम्ही दाखवलंत तेव्हा कळलं. फोम वरून कमी करण्यापेक्षा कडांनी उतरवायचा, हे किती साधं होतं! स्प्रिंगही जास्त वजनाच्या माणसासाठी घट्ट केलेली होती. माझ्या ५२ किलोंनी ती दबतच नव्हती, म्हणजे बुटक्या माणसाला गाडी आणखीच उंच. तीन गॅरेजांत मला वजन कुणी विचारलं नव्हतं. लांब लिंक काढून तुम्ही बेताची टाकलीत, पुढचे फॉर्क, म्हणजे पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या, त्या मापाने क्लॅम्पमधून वर सरकवून गाडी पुढूनही खाली आणलीत, स्टँड कापून पुन्हा वेल्ड केलात. बाकी काय काय केलंत ते तुम्हालाच माहीत.

पण मी हे पत्र लिहायला बसले ते या कामासाठी नाही. काम संपल्यावर तुम्ही म्हणालात, "चार चक्कर मारा आणि दर वेळी माझ्यासमोर थांबा." पहिल्यांदा थांबले तेव्हा तुम्ही माझ्या उजव्या हाताला येऊन उभे राहिलात, दोन्ही हात पाठीमागे बांधून. गाडी धरली नाहीत, "सांभाळा" म्हणाला नाहीत, हात पुढे करून तयारही राहिला नाहीत. नुसते उभे, एका हाताच्या अंतरावर, मी जिकडे पडते त्याच बाजूला. हातांना काळं ग्रीस लागलेलं होतं आणि मागे बांधलेल्या त्या हातांकडे बघताना मला पहिल्यांदा वाटलं, की या माणसाला मी पडणार नाही याची खात्री आहे. मी कंबर डावीकडे सरकवली, डावा पाय टाकला. टाच टेकली. पूर्ण टाच, दादा.

चौथ्या चकरेला तुम्ही तिथे नव्हतात, आत जाऊन दुसऱ्या कुणाची चेन बघत होतात. ते तुम्ही मुद्दाम केलंत, हे मला घरी आल्यावर लक्षात आलं.

अडलेल्या माणसाला मदत करणारे पुष्कळ भेटतात. पण बहुतेक जण मदत करता करता त्याला त्याची कमतरता दाखवून देतात, आणि मग घेतलेली मदत टोचत राहते. तुम्ही माझ्या उंचीबद्दल एक शब्द काढला नाहीत. पाय किती पोचतो ते टेपने मोजलंत, आकडा सीटच्या खालच्या बाजूला लिहिलात आणि कामाला लागलात. इतकी चांगुलपणाची वागणूक मला फार कमी ठिकाणी मिळाली आहे.

सांगितल्याप्रमाणे ५०० किलोमीटरनंतर चेनचा ढिलेपणा तपासून घेतला, ठीक आहे. घाटात चढावर दोनदा थांबावं लागलं, दोन्ही वेळा उंचवट्याच्या बाजूला पाय टाकला. काढलेला फोम तुम्ही पिशवीत घालून दिला होतात, तो कपाटात जपून ठेवला आहे.

पुढच्या महिन्यात माझ्या मैत्रिणीला घेऊन येते. तिची गाडी माझ्या गाडीपेक्षाही उंच आहे आणि ती विकायला निघाली होती, तिला थांबवलंय. तुम्ही विचाराल ते आधीच विचारून ठेवलंय. ती डावीकडे पडते.

तुमची,
उजवीकडे पडणारी ताई