तात्या गुळव्या गेले, आणि आपलं गुऱ्हाळ

आई, आबा, दादा आणि वैनी,

सगळ्यांना नमस्कार. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतंय, आजीला सांगा काळजी करू नको.

आपल्या गुऱ्हाळात रस आटवून गूळ उतरवणारे तात्या गेले हा दादाचा मेसेज वाचल्यापासून तेच डोक्यात आहेत. फोनवर बोललो खरं पण रडण्यात आणि रेंजमध्ये धड काही बोलता आलं नाही म्हणून लिहितोय, आबांना मोठ्यानं वाचून दाखवा. रक्षाविसर्जनाला अख्खा गाव होता, दुसऱ्या गुऱ्हाळांची माणसंपण आली होती असं वैनी म्हणाली. यायलाच पाहिजेत, पंचक्रोशीत असा गुळव्या दुसरा नव्हता.

आबा, तुम्हीच सांगायचा की तात्या पोरगेलेसे असताना आपल्याकडं चुलवाणाला, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीला, जाळ घालायला आले. आधी रस काढून उरलेली उसाची चिपाडं वाळवायची, मग जाळ, मग उकळत्या रसावरची मळी काढायला उभं राहायचं, असं एकेक करत वर्षानुवर्षांनी काईलीचा, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईचा, ताबा मिळायचा. शाळा जेमतेम, पण रस नुसता जिभेला लावून उसाचं सांगायचे, हा खोडव्याचा हाय, हा पडलेल्या उसाचा हाय, ह्यात खारपड रानाचं पाणी हाय. आणि त्या हिशोबानं चुन्याची निवळी किती घालायची ते ठरायचं, कारण चुना जास्त झाला की गूळ काळा पडतो आणि कमी झाला की नीट बसत नाही.

कॉलेजला असताना मी थर्मामीटर घेऊन गुऱ्हाळावर गेलो होतो ते आठवतंय का दादा? पुस्तकात लिहिलेलं की काकवी, म्हणजे पातळ गूळ, १०५ डिग्रीच्या आसपास उतरवायची आणि गूळ ११८ ला. तात्या रागावले नाहीत, उलट दर थोड्या वेळानं विचारायचे किती झालं रे, आणि मग बोटानं पाक उचलून गार पाण्यात टाकायचे, गोळी करायचे, काईलीच्या काठावर मारून आवाज ऐकायचे. टणक आवाज आला की उतरवा. मला म्हणाले, तुझा आकडा बरोबर हाय पोरा, पण पडलेला ऊस असला तर त्यो आकडा झाल्यावर पण जरा थांबावं लागतंय, न्हाईतर रवा सुटत न्हाई. पुढं शिकताना कळलं की अशा उसात साखर फुटलेली असते म्हणून गूळ घट्ट बसत नाही, म्हणजे त्यांचं शंभर टक्के खरं होतं. आज इथं नेदरलँड्समध्ये माझं कामच सेन्सरचं आहे, आणि मोजलेल्या आकड्याच्या पलीकडं माल बघायचा असतो हे मला आधी तात्यांनी शिकवलं.

पण मला खरं सांगायचंय ते हायड्रॉसचं. रस उकळताना ती रंग उजळवायची रासायनिक पावडर टाकली की गूळ पिवळाधमक दिसतो, सौद्यात बोली चढते, आणि थोडे महिने ठेवला की परत काळपट पडतो आणि पाणी सुटतं. शिवाय खाणाऱ्याच्या पोटात गंधक जातं ते वेगळंच. आजूबाजूला सगळे टाकायला लागले, आबांवर पण व्यापाऱ्यांचा दबाव होता, आपला तांबूस रव्याचा माल कमी भावात जायचा. तात्यांनी हात लावला नाही. भेंडीची झाडं ठेचून पाण्यात भिजवायची, तो चिकट रस काईलीत घालायचा, सगळी घाण फेसाबरोबर वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची, कंटाळा करायचा नाही, एवढंच त्यांचं औषध. उतू जायला लागलं की शेंगतेलाचे चार थेंब. बाकी काही नाही. आबांना म्हणाले होते, मालक दुसरा गुळव्या बघा पण माझ्या हातनं हे व्हायचं न्हाई. मी तिथंच चिपाडाच्या ढिगावर बसलेलो, मला ते लख्ख आठवतंय. आणि आबा तुम्ही दुसरा बघितला नाही, ह्याचा मला लई अभिमान आहे, आजवर कधी बोललो नाही म्हणून आज लिहितो.

शाहू महाराजांनी १८९५ ला कोल्हापुरात शाहूपुरी पेठ वसवली, तिथं गुळाचा बाजार उभा राहिला, पुढं राधानगरीचं धरण बांधायला घेतलं, म्हणून आपल्याकडं ऊस आणि गूळ एवढा वाढला. २०१४ ला कोल्हापुरी गुळाला जीआय, म्हणजे भागाच्या नावाचं सरकारी मानांकन, पण मिळालं. चांगलंच झालं, पण त्या नावामागं उभं राहिलेली माणसं म्हणजे तात्यांसारखी, पहाटे तीनला चुलवाण पेटवणारी, हातावर पाकाचे डाग असलेली. त्यांना मजुरी आधणावर, म्हणजे उतरवलेल्या एकेका काईलीमागं, हंगाम संपला की दुसऱ्याच्या रानात तण काढायची भांगलण. हे मला आता जास्त टोचतंय.

इथं इंडियन दुकानात गूळ मिळतो, पिवळाजर्द. मी घेत नाही.

आता कामाचं बोलतो. दादा, तू म्हणालास की माणसं मिळत नाहीत, कारखान्याला ऊस घातला की डोक्याला ताप नाही, म्हणून दिवाळीपासून गुऱ्हाळ बंदच ठेवूया. तुझी दगदग मला कळते, तू तिथं राबतोस आणि मी लांबून बोलतोय. तरी एक हंगाम थांब. तात्यांचा धाकटा त्यांच्या हाताखाली मळी काढायला होता, गेली काही वर्षं गोळी पण तोच बघायचा असं तूच सांगितलंस. त्याला बोलव, आधणावर नको, हंगामाचा पगार बोल, निम्मा मी पाठवतो. दर कमी मिळाला तर तोटा पण आपण दोघं वाटून घेऊ. पुण्यातली माझी मित्रमंडळी बिनपावडरीचा गूळ थेट घ्यायला तयार आहेत, एक-एक किलोचे रवे, म्हणजे छोट्या ढेपा, करावे लागतील फक्त, साचे मी बघतो. अट एकच, हायड्रॉसची पिशवी आपल्या आवारात येता कामा नये.

आई, तात्यांच्या घरी काकूंकडं जाऊन ये, हातात पैसे देऊ नको, घेणार नाहीत, किराणा भरून दे. आणि भेंडीचं बी त्यांच्या घरात डब्यात असतं, तेवढं मागून आण, दादा पाऊस पडायच्या आत ते विहिरीकडच्या बांधाला टाक म्हणजे हंगामाला झाडं तयार होतील.

तुमचा,
बाळू
आइंडहोवन